किनाऱ्यावर सापडलेलं हाड जीवाश्म आहे का? (कोकणातली कासवं, मगरी आणि त्यांचे अवशेष)

खाडीकाठ

दरवर्षी पाऊस ओसरून किनारे चालण्याजोगे झाले की माझ्या फोनवर हाडांचे फोटो यायला लागतात. "मगरीचं दिसतंय, बघ जरा." "कासवाची पाठ दगड झालीय, किती वर्षांची असेल?" मी पुण्यात भूशास्त्र शिकलो, नोकरी वेगळी करतो, पण दगड बघणं सुटलं नाही, आणि ते आमच्या दापोली-गुहागर भागात बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

यंदा नववीतली एक मुलगी वडिलांबरोबर घरी आली. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळहाताएवढा हाडाचा पत्रा. एक कड करवतीसारखी दातेरी, आतल्या बाजूला बोटभर रुंदीची उंचवट्याची पट्टी. तिने वहीत लिहून आणलं होतं : "कासवाची बरगडी कवचाला जोडलेली असते, म्हणून हे कासव." अगदी बरोबर ओळखलं होतं. फक्त ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचं नव्हतं, दोन-तीन वर्षांपूर्वी मेलेल्या समुद्री कासवाचं होतं. तिचा चेहरा उतरला. मग तासभर आम्ही बोलत बसलो. त्या तासातलं सगळं इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला सापडलं तर उपयोगी पडेल.

कोकणात जीवाश्म दुर्मीळ का, इथून सुरुवात करू. आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर वाहिला, त्याचा हा दगड. वितळलेल्या दगडात हाड टिकत नाही. त्यावर जांभा. जांभा म्हणजे मूळ दगडातलं विरघळण्यासारखं सगळं पावसाने धुऊन नेल्यावर उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. ज्या पाण्याने दगडातला चुना नेला, त्याने हाडातलाही नेलाच असता. म्हणून चिरेखाणीत हाड सापडत नाही.

राहिला किनारा. अलिबागकडच्या अक्षी-रेवदंडा पट्ट्यात आणि इतरत्रही भरती-ओहोटीच्या रेषेत शिंपल्यांचा, वाळूचा जमलेला दगड दिसतो, त्याला आपण करल म्हणतो. वाळू चुन्याने सांधली गेली की करल होतो, आणि भूशास्त्राच्या हिशोबाने तो कालपरवाचा आहे. त्यात शिंपले भरपूर. त्यात हाड अडकलेलं दिसलं तरी "डायनासोरच्या काळचं" म्हणू नये.

मग कोकणपट्टीत खरं जीवाश्म कासव मिळालंच नाही का? मिळालं, आणि तेही वरळीला! लाव्हाचा एक थर थंड झाला आणि पुढचा यायला बराच काळ गेला, तेव्हा मधल्या काळात तळी साठली. तळ्यात गाळ बसला, बेडूक झाले, कासवं झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याने तळ्यावर झाकण घातलं. या मधल्या थरांना अंतर्ट्रॅपी थर म्हणतात. वरळीच्या अशा थरातल्या चिमुकल्या बेडकाला ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये नाव दिलं. तो आज इंडोबॅट्रॅकस पुसिलस म्हणून ओळखला जातो. मुंबईत डॉक्टर असलेल्या हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये तिथल्याच कासवाचं वर्णन केलं आणि मुंबईतल्याच डॉ. लीथ यांचं नाव त्याला दिलं. बराच काळ हे कासव दक्षिण अमेरिकेतल्या कासवांच्या घराण्यातलं मानलं जायचं. १९५३ मध्ये विल्यम्स या कासवांच्या अभ्यासकांनी ते आफ्रिका-मादागास्करकडच्या घराण्याशी जोडलं आणि कार्टर यांच्या आठवणीने त्याला कार्टेरेमिस म्हटलं.

ते कासव मान आत ओढून घेणारं नव्हतं, मान बाजूला वळवून कवचाच्या कडेखाली ठेवणारं होतं. अशी आडमानी कासवं आज भारतातल्या कुठल्याच नदीत नाहीत. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलियात आहेत. भारताचा तुकडा दक्षिणेकडच्या मोठ्या भूखंडातून सुटून समुद्रातून उत्तरेकडे येत होता, त्या काळातला तो प्रवासी आहे. पुढे मुंबईच्याच अशा थरांतून आणखी एक आडमानी कासव कवटीवरून ओळखलं गेलं, सांकुकेमिस सेठनाय. २००३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि त्याच्या नावात मुंबईचे भूशास्त्रज्ञ प्रा. सेठना आहेत. वरळीवरून रोज लाखो माणसं जातात. तिथे खाली एक तळं होतं, हे मला अजून दरवेळी आठवतं.

त्या मुलीच्या हाडाचं आम्ही काय केलं? किनाऱ्यावर जिथून उचललं तिथे परत ठेवलं. आपल्याकडची समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेल्या कासवाचं कवच, हाड घरी ठेवणंही गुन्हा आहे. फोटो काढा, मोजमाप घ्या, वस्तू तिथेच राहू द्या.

---

अनुजा_दापोली

दादा, खूप छान लिहिलंत. वेळासला कासव महोत्सवाला दोनदा गेले आहे, पिल्लं पाण्यात जाताना पाहिली आहेत. पण ताजं हाड आणि दगड झालेलं हाड हातात घेऊन ओळखायचं कसं? कुणी म्हणतं जिभेला लावून बघायचं, चिकटलं तर जीवाश्म. कुणी म्हणतं सुई तापवून टोचायची, जळका वास आला तर ताजं.

---

खाडीकाठ

अनुजाताई, जिभेची गोष्ट खोटी नाही, पण वाळूत वाळलेलं ताजं हाडही सच्छिद्र असतं आणि तेही चिकटतं. शिवाय किनाऱ्यावरचं मेलेलं काही तोंडाला लावू नये. सुई तर नकोच. हाड खरंच महत्त्वाचं निघालं तर त्यावर तो डाग कायमचा.

आधी वजन बघा. ताजं हाड आकाराच्या मानाने हलकं लागतं. जीवाश्मात भोकांमध्ये खनिजं भरलेली असतात, त्यामुळे हात खाली जातो. नखाने हलकंच वाजवा. ताज्याचा आवाज लाकडासारखा बद्द, दगड झालेल्याचा ठण्ण, कपबशीसारखा. तुटलेली कड असेल तर तिथे भिंग धरा. आतली जाळी मोकळी आहे की भरली आहे ते दिसतं. रंगावर मात्र जाऊ नका. खाडीच्या काळ्या चिखलात पडलेलं गुराचं हाड काही वर्षांत काळं होतं आणि करोडो वर्षांचं वाटायला लागतं.

या सगळ्याहून मोठी खूण म्हणजे ते कशात आहे. मोकळ्या वाळूवर पडलेलं हाड बहुतेक वेळा आजचंच. दगडाच्या आत अर्धं रुतलेलं आणि भोवतीच्या दगडाबरोबर झिजलेलं हाड दिसलं, तर तिथेच थांबा.

---

चिरेखाण

माझी रत्नागिरी तालुक्यात चिऱ्याची खाण आहे, वडिलांपासून. तुम्ही म्हणता ते खरं, चिऱ्यात हाड कधी पाहिलं नाही. पण एक विचारायचं आहे. वाडीत विहीर पाडत होतो. जांभा संपला, मग पांढरी-पिवळी शेडी, म्हणजे जांभ्याखालची मऊ माती, आणि त्याखाली काळी चिकट माती लागली. त्यात लाकडाचे तुकडे, कोळशासारखे. पानांचे ठसे पण. गंधकासारखा वास. वाळल्यावर ते लाकूड तडकून भुगा झालं. अशा मातीत कासव, सुसर मिळू शकेल का? आम्ही ती माती भरावाला टाकून दिली.

---

खाडीकाठ

तुमचा प्रतिसाद वाचून उठून बसलो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखाली अशी काळी चिकणमाती आणि लिग्नाइट, म्हणजे कच्चा कोळसा, बऱ्याच ठिकाणी विहिरी पाडताना लागला आहे. जांभा होण्याआधीच्या दलदलीचा, खाडीकाठच्या जंगलाचा तो गाळ आहे. त्यातल्या परागकणांवर अभ्यासकांनी काम केलं आहे आणि ते थर मायोसीन काळाचे, म्हणजे साधारण २ कोटी ३० लाख ते ५० लाख वर्षांपूर्वीचे मानले आहेत.

लाकूड आणि पानं अशा मातीत उत्तम टिकतात, कारण तिथे हवा पोचत नाही. हाडांचं गणित उलटं आहे. कुजणाऱ्या पाल्याचं पाणी आंबट होतं आणि आंबट पाण्यात हाड विरघळतं. त्यामुळे पानं मिळाली म्हणून हाडं मिळतीलच असं नाही. पण अशा थरात मध्येच शिंपल्यांचा पट्टा आला तर तिथे डोळे उघडे ठेवावेत. शिंपला टिकला म्हणजे तिथे चुना टिकला, आणि चुना टिकला तिथे हाडालाही संधी असते.

पुन्हा लागलं तर उन्हात ठेवू नका. ओल्या गोणपाटात, त्यावर प्लॅस्टिक, आणि सावलीत. विहिरीच्या काठापासून किती फुटांवर लागलं ते लिहा. वर कुठला थर, खाली कुठला, तेही. जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला फोन करा. ते येईपर्यंत पाणी उपसायचं थांबवता आलं नाही, तर निदान दोन घमेली माती वेगळी ठेवा.

---

चिरेखाण

शेजारच्या आवाठात पुढच्या उन्हाळ्यात विहीर आहे. मी स्वतः उभा राहीन.

---

सुरंगी

माजा म्हणणा जरा वेगळा आसा. आमच्या गावात समुद्राकडेक एक खडक आसा, तेका 'कासव' म्हणतत. पाठीवर कासवासारखे चौकोन-षटकोन, मधी रेघो. आजी सांगायची ह्या मोठा कासव होता, देवाच्या सांगण्यावरून दगड झाला. फोटो टाकलंय, बघा. खरा काय?

---

खाडीकाठ

सुरंगीताई, फोटो सुंदर आहे. सावलीत काढलात म्हणून रेघा स्पष्ट दिसतात.

हा बेसॉल्ट आहे. लाव्हा थंड होताना आक्रसतो, आणि उन्हाळ्यात तळ्याचा चिखल फुटतो तशा त्याला तडा जातात. पुष्कळदा पाच-सहा कोनांचे तुकडे पडतात. मग लाटांनी वरचा भाग गोल केला की हुबेहूब कासवाची पाठ. दगड कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटत असेल तर आणखीच.

खऱ्या कवचावर सहसा एकाच प्रकारच्या रेघा नसतात. एक जाळं हाडांच्या सांध्यांचं, बारीक नागमोडी दातेरी शिवणीसारखं. दुसरं जाळं हाडावर बसलेल्या शिंगासारख्या खवल्यांचं, त्यांच्या कडांच्या गुळगुळीत खाचा. ही दोन जाळी एकमेकांवर बसत नाहीत, एकमेकांना कापत जातात. गवंडी विटांचे सांधे एकाखाली एक येऊ देत नाही, तसंच हे, आणि त्यामुळेच कवच मजबूत होतं. तुमच्या खडकावर एकच जाळं आहे आणि तडा आरपार खोल गेल्या आहेत.

अपवाद मऊ पाठीच्या गोड्या पाण्यातल्या कासवांचा. त्यांच्यावर खवले नसतात, कातडी असते, म्हणून खाचा नाहीत. पण त्यांच्या हाडाच्या वरच्या बाजूला खड्डे आणि अळीसारख्या वळवळत्या कंगोऱ्यांची नक्षी असते, आणि इवल्या तुकड्यावरूनही ती ओळखू येते.

आजींची गोष्ट मात्र लिहून ठेवा. खडकाचं नाव 'कासव' आहे आणि ते तसंच राहावं.

---

सुरंगी

लिहून ठेवतंय. आजी ९१ वर्षांची आसा, आजच इचारतंय.

---

वाशिष्ठीचा_पूर

चिपळूणहून लिहितोय. आमच्याकडे वाशिष्ठीत आणि शिवनदीत मगरी आहेत. पावसात रस्त्यावर आलेली मगर सगळ्या महाराष्ट्राने व्हिडिओत पाहिली. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर गाळ काढताना आमच्या परसात एक दात सापडला. बोटाच्या पेराएवढा, टोकदार, आतून पोकळ. मुळ नाही. भाऊ म्हणतो डॉल्फिनचा, मी म्हणतो सुसरीचा. जुना असेल का? आणि सुसर-मगर एकच ना?

---

खाडीकाठ

मुळ नाही आणि आतून पोकळ, या दोन्ही खुणा तुमच्या बाजूने आहेत. मगरीचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात. नवा दात जुन्याच्या पोकळीत, पेल्यात पेला ठेवावा तसा वाढतो आणि जुन्याचं मूळ विरघळवतो. म्हणून गळलेला दात म्हणजे नुसती टोपी. आता दात उजेडात फिरवून बघा. मगरीच्या दाताला समोरासमोर दोन बारीक धारा असतात, टोकापासून खाली उतरणाऱ्या. डॉल्फिनच्या दाताला त्या धारा नसतात आणि मूळ लांब, भरीव असतं.

शब्दांचं म्हणाल तर कोकणात कित्येक गावांत मगरीलाच सुसर म्हणतात, पुस्तकात मात्र सुसर म्हणजे लांब चिंचोळ्या तोंडाची घडियाल. ती उत्तरेकडच्या नद्यांत राहते. आपल्या वाशिष्ठीत, महाडच्या सावित्रीत आहे ती रुंद तोंडाची मगर. जुन्या नोंदी वाचताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

पुराच्या गाळातला दात हा आजच्याच मगरीचा. तीसुद्धा पहिल्या अनुसूचीतली आहे, तेव्हा वनखात्याला कळवा आणि त्यांच्या हवाली करा.

---

वाशिष्ठीचा_पूर

दोन धारा आहेत! भावाला दाखवल्या. उद्या सकाळी वनपालांकडे देतो.

---

अनुजा_दापोली

मग आपल्या बाजूला मगरीचं जीवाश्म बघायचं तर कुठे जायचं?

---

खाडीकाठ

याच समुद्राने वर सरकत गेलं तर खंबायतच्या आखातात भावनगरजवळ पिरम बेट आहे. १८३६ पासून तिथल्या गोट्यांच्या दगडातून जुन्या सस्तन प्राण्यांची हाडं मिळत आली, त्यांच्याबरोबर मगरी आणि कासवंही. नर्मदेच्या जुन्या गाळात पाणघोडे, हत्ती आणि कासवं. आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोऱ्याजवळचं पिसदुरा. तिथे डायनासोरांच्या हाडांसोबत आडमानी कासव मिळालं, १९७७ मध्ये त्याला गावाचंच नाव दिलं गेलं. हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकात तर एकोणिसाव्या शतकात फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिश अभ्यासकांना राक्षसी कासव मिळालं, आणि घडियालच्या गोतातला रॅम्फोसुकस. त्याची लांबी पूर्वी १५ ते १८ मीटर सांगायचे. नंतरच्या मोजणीत ती ८ ते ११ मीटरवर आली. एवढा फरक पडतो, कारण अख्खा सांगाडा हाती नाही, जबड्याच्या तुकड्यांवरून अंदाज करावा लागतो.

मगरीच्या जीवाश्मात दातांखालोखाल हाती लागतो तो पाठीवरच्या खवल्यातला हाडाचा पत्रा. साधारण चौकोनी, वर खोल गोल खड्डे, बऱ्याचदा मधोमध एक कणा. खालची बाजू सपाट. मऊ पाठीच्या कासवाच्या नक्षीशी गल्लत होते, म्हणून खालची बाजू बघायचीच. बरगडीची पट्टी दिसली तर कासव. कणा आणि चौकोन दिसला तर मगर.

---

कातळमन

सगळं पटलं, एक सोडून. वस्तू कॉलेजला दिली की कपाटात जाते आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. मी असं होताना पाहिलं आहे. आमच्या शाळेतल्या सरांनी दिलेला दगड परत विचारला तर कुणाला आठवेना. त्यापेक्षा गावातल्या वाचनालयात काचेत ठेवला असता तर शंभर मुलांनी पाहिला असता.

---

खाडीकाठ

तुमचं दुःख मला समजतं, आणि ते खोटं नाही. मीसुद्धा धूळ खात पडलेले, चिठ्ठी गळून गेलेले नमुने पाहिले आहेत, आणि तेव्हा फार वाईट वाटलं.

तरी मी विभागाकडेच द्या म्हणेन. कार्टर यांचं कासव शंभर वर्षं चुकीच्या घराण्यात होतं. विल्यम्स यांनी ते घराणं बदललं, आणि ते वरळीचं आहे, कुठल्या थरातलं आहे हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून त्या बदलाला अर्थ आला. 'मुंबईकडून आलेला एक दगड' एवढंच कुणी म्हटलं असतं, तर दक्षिण अमेरिका की आफ्रिका हा वादच करता आला नसता.

देताना पावती घ्या, नमुन्याचा क्रमांक विचारून घ्या, फोटो स्वतःजवळ ठेवा. वाचनालयासाठी प्लास्टरचा साचा करून मागा. बहुतेक शिक्षक आनंदाने देतात. आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई ओलाव्याने फुटते, पेन्सिल पन्नास वर्षं टिकते.

---

कातळमन

साच्याची कल्पना डोक्यात आली नव्हती. सरांच्या दगडाचा क्रमांक कुणी घेतलाच नव्हता, हेही खरं.

आणखी एक मनात आलं. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, हाड टिकत नाही म्हणता, पण रत्नागिरीकडच्या देऊडच्या सड्यावर कातळशिल्पात गेंडा कोरलेला आहे. आज कोकणात गेंडा नाही आणि जांभ्यात त्याचं हाडही नाही. कुणीतरी पाहिला होता, एवढंच त्या रेषांवरून कळतं.

---

खाडीकाठ

हे मी कधी असं जोडून पाहिलं नव्हतं. मनापासून धन्यवाद.

---

गिरगावकर

उशिरा वाचला धागा. माझे आजोबा मूळचे राजापूरचे, मुंबईत जोगेश्वरीकडे एका खडीच्या खाणीत मुकादम होते. त्यांच्या ट्रंकेत एक राखाडी, पातळ थरांची फरशी आहे, वहीएवढी. तिच्यात तपकिरी चकचकीत काहीतरी रुतलेलं, दोन बोटं रुंद. घरात सगळे 'माशाचा काटा' म्हणायचे. अनुजाताईंना सांगितलंत तसं वाजवून पाहिलं, ठण्ण वाजतं. कडेला दातेरी शिवण आहे, आणि तिला आडवी कापत जाणारी एक गुळगुळीत खाच. आईला विचारलं तर ती म्हणाली, काका एकदा त्यावर वॉर्निश मारणार होते, आजोबांनी मारू दिलं नाही.

---

खाडीकाठ

गिरगावकर, काहीही पुसू नका, धुऊ नका. जोगेश्वरीच्या बाजूला लाव्हाच्या थरांमधला गाळाचा दगड आहे. फोटोवरून नक्की सांगणं योग्य नाही, पण शिवण आणि खाच एकमेकांना कापतात म्हणता, ते वाचल्यापासून मला राहवत नाही. पुढून, मागून, कडेवरून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. आणि आजोबांनी कुठे काही लिहून ठेवलं होतं का? खाणीचा कुठला भाग, किती खोल, कुठलं साल? ट्रंकेचे सगळे कागद बघा, हिशोबाच्या वह्यासुद्धा.

---

गिरगावकर

आई आणि मी काल रात्री ट्रंक पूर्ण रिकामी केली. फरशी ज्या कापडात होती त्याच्या घडीत आगपेटीएवढा कागद निघाला. पेन्सिलीने, मोडीत दोन ओळी. आम्हाला कुणाला मोडी येत नाही. खालचे आकडे तेवढे देवनागरीत आहेत, फुटांचे वाटतात.

इथे कुणाला मोडी वाचता येते का? फोटो टाकतोय.

---

सुरंगी

माज्या आजयेक येता. सकाळी दाखवतंय.